विश्लेषण : ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई फुटबॉलपटू मुंबईचा! कोण होते नेव्हिल डिसूझा?

तारीख १ डिसेंबर १९५६. मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये फुटबॉलच्या उपांत्यपूर्व फेरीत भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. या चारपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. मुंबईत कंपनी संघांकडून खेळणारा एक तरुण इथपर्यंत पोहोचला कसा? याचे उत्तर रोव्हर्स कप आणि त्या काळच्या मुंबई फुटबॉलमध्ये सापडते.

नेव्हिल डिसूझा कोण?

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी गोव्यातील आसगाव येथे झाला. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. नोकरी-शिक्षणासाठी मुंबई गाठणाऱ्या गोवेकरांनी आपल्याबरोबर फुटबॉलचे वेडही आणले होते. नेव्हिल घडले ते याच मुंबईच्या मैदानांवर. १९५४च्या हंगामात मुंबईने पहिल्यांदा संतोष करंडक जिंकला, त्या संघात ते होते. गंमत म्हणजे त्यांनी मेलबर्नमध्ये भारताची जर्सी घातली, तेव्हा त्यांचे जन्मगाव अजून भारतात आलेच नव्हते. गोवा मुक्त झाला तो १९६१ मध्ये. त्यांचे भाऊ डेरेक हेही भारताकडून खेळले.

रोव्हर्स कप काय होता?

रोव्हर्स कप ही मुंबईची देशव्यापी बाद फेरीची स्पर्धा. १८९१ मध्ये ती सुरू झाली आणि सुरुवातीची अनेक वर्षे ब्रिटिश लष्करी तुकड्यांचेच तिच्यावर वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या भारतीय क्लबने ती जिंकली आणि चित्र पालटले. पुढे चर्चगेटजवळच्या कूपरेज मैदानावर मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग आणि हैदराबाद पोलिसांचा संघ यांच्या लढती बघायला मुंबईकर गर्दी करू लागले.

लीगमध्ये एक सामना हरला तरी पुढच्या सामन्यात भरपाई करता येते. बाद फेरीत हरला तो घरी गेला. त्यामुळे मिळालेली एखादीच संधी सोडायची नाही, ही सवय स्ट्रायकरला अशा स्पर्धांतून लागते. ऑलिम्पिक फुटबॉलही तेव्हा बाद पद्धतीनेच खेळले जाई.

कंपनी संघांचे महत्त्व काय?

तेव्हा फुटबॉलपटूंना आजच्यासारखे करार मिळत नव्हते. त्यांना आधार होता नोकरीचा. टाटा, कॅल्टेक्स, पुढे मफतलाल, महिंद्र अशा कंपन्या खेळाडूंना कामावर घेत आणि ते कंपनीच्या संघाकडून खेळत. नेव्हिल टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळले. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला. कोलकात्याचे बलाढ्य क्लब मैदानात असताना मुंबईतील एका तेल कंपनीच्या संघाने हा करंडक उचलला होता.

मेलबर्नमध्ये नेमके काय घडले?

भारतीय संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला होता. मेलबर्नच्या संघात हैदराबादचे तुलसीदास बलराम व नूर मोहम्मद, बंगालचे पी. के. बॅनर्जी आणि कर्णधार समर बॅनर्जी होते. आघाडीला होते मुंबईचे नेव्हिल.

हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल यांनी ९व्या, ३३व्या आणि ५०व्या मिनिटाला गोल केले. चौथा गोल किट्टू यांचा. योगायोगाने विजय मिळाला, असे कुणाला वाटले असेल तर तीही शंका लवकरच फिटली. त्याच महिन्यात सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरवले.

उपांत्य फेरीत समोर युगोस्लाव्हिया होता. चार वर्षांपूर्वी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये याच संघाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. या वेळी ५२व्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ती टिकली मात्र दोनच मिनिटे. पाव तासाच्या आत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले आणि शेवटी सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमधील भारताची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी. नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेत संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

पुढे काय झाले?

१६ मार्च १९८० रोजी नेव्हिल यांचे निधन झाले. वय होते अवघे ४७. त्याआधीच कॅल्टेक्सचा भारतातील व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला होता आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. रोव्हर्स कप २०००-०१च्या हंगामानंतर बंद पडला. १९७७ मध्ये सुरू झालेला फेडरेशन कप मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००३ आणि २००५ असा दोनदा जिंकला, पण २०१० मध्ये कंपनीने तो संघच बंद केला. फेडरेशन कपही २०१७ मध्ये शेवटचा झाला. त्याच्या जागी २०१८ पासून सुपर कप आला.

आज त्यांची आठवण कशासाठी?

मुंबईत आज फुटबॉल नाही असे नाही. अंधेरीच्या क्रीडा संकुलात मुंबई सिटीचे सामने होतात आणि या संघाने २०२०-२१ व २०२३-२४ मध्ये आयएसएलचा अंतिम सामनाही जिंकला आहे. बोरिवली, मुलुंडच्या टर्फवर रात्री उशिरापर्यंत खेळ चालतो. मात्र नेव्हिल यांच्या काळात स्थानिक मैदान, कंपनीतली नोकरी, शहरातली बाद फेरीची मोठी स्पर्धा आणि मग भारतीय संघ अशी एक सरळ शिडी होती. तिच्या मधल्या दोन पायऱ्या आता उरलेल्या नाहीत. आजच्या मुलासमोर एकतर व्यावसायिक क्लबची अकादमी आहे, नाहीतर तासावर भाड्याने मिळणारे टर्फ. नोकरी सांभाळून ऑलिम्पिकपर्यंत जाण्याचा नेव्हिल यांचा रस्ता आता बंद झाला आहे आणि त्याच्या जागी तितकाच खुला दुसरा रस्ता मुंबईला अजून बांधायचा आहे.