पॉल फ्लोरी : साखळ्यांचा हिशेब मांडणारा माणूस

कोलशेत रोडवर आज जिथे टॉवर दिसतात, तिथे एकेकाळी सँडोज (पुढे क्लॅरियंट), बायर अशा कंपन्यांचे कारखाने होते. म्हणजे केमिकल आपल्या शेजारचंच! पण पॉलिमर द्रावकात विरघळतो तेव्हा आत काय होतं, हे गणितात बसवणाऱ्या पॉल फ्लोरींना आपण फक्त परीक्षेपुरतं ओळखतो.

फ्लोरींचा जन्म १९ जून १९१० चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. पदवी एका छोट्या कॉलेजातून, तीही मंदीच्या काळात. १९३४ साली पीएच.डी. झाली आणि ड्यू पाँट कंपनीत नायलॉनचे जनक कॅरोथर्स यांच्या हाताखाली नोकरी लागली. १९३७ मध्ये कॅरोथर्सनी आत्महत्या केली. गुरू गेले, पण त्यांनी दिलेला विषय फ्लोरींनी आयुष्यभर सोडला नाही.

पुढे एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना, १९४१-४२ च्या सुमारास, त्यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. त्याच वेळी हगिन्स यांनीही तो स्वतंत्रपणे मांडला, म्हणून दोघांचं नाव. बुद्धिबळाचा पट डोळ्यासमोर आणा. काही घरांत द्रावकाचे रेणू, बाकीच्यांत साखळीच्या कड्या. दोघांचं किती जमतं ते सांगणारा आकडा म्हणजे ‘काय’. द्रावक चांगला असेल तर साखळी फुलते, वाईट असेल तर आक्रसते. मधल्या स्थितीला फ्लोरींनी ‘थीटा’ म्हटलं. पॉलिस्टायरीन सायक्लोहेक्झेनमध्ये असेल तर ही स्थिती साधारण ३४-३५ अंश सेल्सिअसला येते.

आता ब्लॉक कोपॉलिमर घ्या. न पटणाऱ्या दोन साखळ्या टोकाला टोक जोडून बांधलेल्या. भांडण झालं तरी रूम बदलता येत नाही, अगदी आपल्या हॉस्टेलसारखं! मग त्या नॅनोमीटरच्या अंतरावरच वेगळ्या होतात आणि गोळे, दांडे किंवा थर बनतात. त्यात दोन द्रावकांचं मिश्रण घातलं, एक पहिल्या साखळीच्या आवडीचा आणि दुसरा दुसरीच्या, तर प्रमाण बदललं की एक बाजू जास्त फुगते. गोळ्यांचे दांडे होतात, दांड्यांचे थर. एक द्रावक आधी उडून गेला तर सुकलेला थरही वेगळाच निघतो. हे सगळं नंतरच्या संशोधकांनी शोधलं, पण हिशेबाच्या मुळाशी तोच ‘काय’ आहे.

१९७४ साली रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या फ्लोरींना मिळालं. दुसरा कोणी आरामात बसला असता. फ्लोरींनी मात्र ते नाव सोव्हिएत रशियात छळ होणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी वापरलं. साखारोव्ह यांच्या पत्नीला उपचारासाठी परदेशी जाऊ द्यावं, म्हणून सत्तरी ओलांडलेले फ्लोरी स्वतः ओलीस राहायला तयार झाले! ९ सप्टेंबर १९८५ रोजी ते गेले.

पुढच्या वेळी पेपरात ‘काय’ दिसला की फॉर्म्युल्याबरोबर हा माणूसही आठवा. रेणूंचं कोणाशी किती जमतं ते त्याने मोजलं, पण माणसांसाठी उभं राहताना मात्र हिशेब केला नाही.