रामनामाचे गवई : विष्णु दिगंबर

कसाऱ्याहून मुंबईस जाणाऱ्या पहाटेच्या लोकलने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. गाडीने आटगाव सोडले, आसनगावला चारदोन माणसे चढली, वाशिंदला आणखी चढली, की डब्याच्या एका कोपऱ्यात पिशवीतून टाळ निघतात. कोणी गजर धरतो, कोणी बाकाच्या फळीवरच ठेका देतो, आणि कल्याण येईपर्यंत चांगले चारपाच अभंग होऊन जातात. मुरबाडकडची आमची माणसे एस.टी.ने कल्याणला येऊन त्याच मेळ्यात मिसळतात. ही सारी नोकरदार माणसे. दिवसभर मुंबईत राबायचे, रात्री घरी यायचे. पण जाताना तोंडात नाम. मुंबईच्या गाण्याविषयी लोक पुष्कळ लिहितात, थोरथोर सभागृहांची नावे घेतात. आम्हाला मात्र मुंबईचे गाणे म्हटले की आधी हा डबा आठवतो, आणि डब्यापाठोपाठ एका पुरुषाची आठवण येते. त्यांचे नाव पं. विष्णु दिगंबर पलुसकर. गाण्याला मान मिळवून देण्यासाठी त्यांनी सारे आयुष्य वेचले, आणि शेवटी ते गाणे रामाच्या पायी नेऊन ठेवले. त्यांचे चरित्र वारकऱ्याने एकदा तरी ऐकावे असे आहे.

बुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. म्हणजे भगवंताच्या कथेला सूर कसा लावावा, हे या मुलाने पाळण्यापासून ऐकले. पण दैवाची परीक्षा लवकर सुरू झाली. लहानपणी एका उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि डोळ्यांना इजा झाली. दृष्टी अधू झाली, शाळा सुटली. आता या पोराचे कसे होणार, ही चिंता घरात पडली असेल, नाही का? पण एक दार लागले आणि दुसरे उघडले. मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची खयाल गायकी महाराष्ट्रात आणून रुजविणारे ते थोर गुरू. त्यांच्यापाशी विष्णूने कित्येक वर्षे विद्या घेतली. मिरज संस्थानचा आश्रयही होता. खाण्यापिण्याची ददात नव्हती.

मग १८९६ साली बुवांनी मिरज का सोडली? तर त्या काळी गवयाचे गाणे सर्वांना हवे असे, पण गवई कोणाला नको असे. बैठकीस बोलवायचे, गाणे ऐकायचे, बिदागी हातावर ठेवायची. पण घरच्या पंगतीला बरोबरीने बसवायचे नाही. ही गोष्ट बुवांच्या मनाला फार लागली. ज्या विद्येने देवाला आळवायचे, ती सांभाळणाऱ्याला असे दूर का बसवावे? एवढा एकच प्रश्न घेऊन ते निघाले. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे हिंडत हिंडत पंजाबात गेले. वाटेत त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. राजाच्या मर्जीने मिळणारे गाणे चार पैसे देऊन कोणीही ऐकावे, ही त्या वेळी नवीच रीत होती.

५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. कोणा संस्थानिकाची सनद नाही. लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या पैशावर शाळा चालायची. ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तके, स्वर लिहून ठेवण्याची पद्धत, परीक्षा, सारे शिस्तीत. घरंदाज मुलीही तिथे शिकू लागल्या. गाण्याच्या चिजांतले शृंगाराचे हलके शब्द काढून त्या जागी त्यांनी संतांची पदे घातली. भजनांची पुस्तकेही त्यांनी छापली. त्यांतल्या एका मालेचे नावच ‘भजनामृत लहरी’.

१९०८ साली बुवा मुंबईस आले. त्या वेळची मुंबई गाण्याची भुकेली होती. शेटजींच्या घरच्या बैठका होत्या, नाटक मंडळ्या होत्या, गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची भजने होती. पण मध्यम स्थितीच्या माणसाने आपला मुलगा, आपली मुलगी उजळ माथ्याने गाणे शिकायला कुठे पाठवावी, अशी जागा नव्हती म्हटले तरी चालेल. बुवांनी ती दिली. सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभी केली. दूरदूरची मुले तिथे राहून शिकत. त्यांचे जेवणखाण बुवांकडेच. त्याच्या बदल्यात त्यांनी शिकून पुढे गाण्याचा प्रसार करायचा. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सारी त्याच पंगतीत जेवलेली माणसे. मुंबईच्या गाण्याच्या आठवणी काढणारा कोणीही असो, यांतले एखादे नाव घेतल्यावाचून त्याला पुढे जाता येत नाही.

बुवा धीटही तसेच. १९२३ साली काकिनाड्याच्या काँग्रेसमध्ये ते वंदे मातरम् गायला उभे राहिले, तेव्हा अध्यक्षांनीच गाण्याला हरकत घेतली. बुवा थांबले नाहीत. गीत पुरे करूनच खाली बसले.

पण एवढा डोलारा चालवायचा म्हणजे पैसा लागतो. इमारतीचे कर्ज होते, मुलांचा खर्च होता, आणि बुवांचा हात देता. कर्ज फिटेना. बुवा गावोगाव जलसे करून पैसे आणीत, ते व्याजात जात. अखेर ती इमारत लिलावात गेली. ज्या वास्तूसाठी रक्त आटवले, ती डोळ्यांदेखत दुसऱ्याची झाली. घरातही दुःखच होते. लेकरे जन्मली आणि गेली. माणूस मोडून पडायला आणखी काय लागते?

बुवा मोडले नाहीत. रामाकडे त्यांची ओढ आधीपासूनच होती. आता त्यांनी सारा भार त्याच्यावरच टाकला. अंगावर भगवी वस्त्रे, तोंडी रामनाम, आणि नाशिकास पंचवटीत रामनाम आधार आश्रम. आधार हे नाव पाहा. इमारत गेली, आधार राहिला. मोठ्या रागाची मैफल करणारे बुवा आता तुलसीरामायण गात, लोकांकडून रामधून म्हणवून घेत. गांधीजींच्या प्रार्थनेमुळे घरोघर गेलेल्या रामधुनेची चाल त्यांचीच मानतात; १९३० च्या दांडीयात्रेत ती लोकांच्या ओठी होती.

मुंबई ते नाशिक म्हणजे आपलीच वाट. वाशिंद, आसनगाव, खर्डी, कसारा, आणि मग थळ घाट. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस आपण याच बाजूने जातो. आपल्या तालुक्यातल्या तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबई पिते आहे, आणि त्याच मुंबईतून गाण्याचा एक ओघ उलट घाट चढून रामाच्या पंचवटीत गेला. आगगाडी कसाऱ्याला थांबली, की आम्हाला हे आठवल्यावाचून राहत नाही.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस बुवांनी देह ठेवला. जिथे विद्या घेतली तिथेच शेवट झाला. मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा. वडिलांच्या शिष्यांनी त्याला शिकविले आणि तो मोठा गवई झाला. त्याची भजने लोक आजही कान देऊन ऐकतात. तोही १९५५ साली, ऐन उमेदीत गेला. पण बुवांच्या शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले, त्याच्या परीक्षांना आज गावोगावची मुले बसतात.

आता कोणी म्हणेल, बुवा काही वारकरी नव्हते. त्यांचे रागदारीचे गाणे, आमचे टाळमृदंगाचे भजन. खरे आहे. आपल्या भजनात शब्द पुढे चालतो आणि सूर त्याच्या मागून वारीत येतो. तान मारून अभंगाचा अर्थ झाकू नये, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा दंडक, आणि तो मोडू नये. पण बुवांपासून एक गोष्ट आपण जरूर घ्यावी. त्यांनी विद्या कुलपात ठेवली नाही. लिहून, छापून, शिस्तीने शिकवून चारचौघांच्या हाती दिली. आपल्या गावांत काय चालले आहे? रूपाच्या अभंगाची, गौळणीची, काकड्याची जुनी चाल येणारा एखादाच म्हातारा उरतो. तो पंढरीच्या वाटेला कायमचा गेला, की चालही गेली. मग पोरे सिनेमाच्या चालीवर अभंग बसवितात, आणि आपण पोरांना नावे ठेवतो. त्यांना शिकविले कोणी? एकादशीला तासभर बसून म्हाताऱ्याकडून एक चाल पक्की करून घ्यावी. हल्ली मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याच्या आवाजात ती धरून ठेवावी. शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक मंडळाने वर्षात बारा चाली जरी अशा राखल्या, तरी पुष्कळ झाले.

आणि लोकलमधल्या भजनी बंधूंना एक विनंती. शेजारी रात्रपाळी करून आलेला, आजारी, अभ्यास करणारा कोणी असेल तर टाळ जरा हळू वाजवावेत. ज्या माणसाने गाण्याला मान मिळवून दिला, त्याच्या वाटेवरून आपण रोज जातो. तो मान आपल्यामुळे कमी होऊ नये.

राम कृष्ण हरि.