सूक्ष्मलहरींचे आद्य उपासक

मोबाईल, रडार, उपग्रह यांच्या यंत्रणेत फिल्टर नावाचा एक घटक असतो. असंख्य लहरींच्या गर्दीतून हव्या तेवढ्याच पट्ट्यांना वाट द्यायची आणि इतरांना रोखायचे, हे त्याचे काम. सूक्ष्मलहरींसाठी ते बहुधा धातूच्या पोकळ्या करतात. पोकळीच्या मापाशी जुळणारी लहर आत घुमते, न जुळणारी अडते. एकाच पोकळीत लहरी अनेक रीतींनी घुमवून दोन-तीन पट्टे वेगळे काढण्याची किमयाही अभियंत्यांनी साधली आहे. या लहरींना पोकळ नळीतून वाट दाखविणाऱ्या पहिल्या संशोधकांत जगदीशचंद्र बोस यांचे स्थान मानाचे आहे.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये जन्मलेल्या जगदीशचंद्रांना वडिलांनी आधी मातृभाषेच्या शाळेत घातले. पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण प्रकृतीमुळे सोडावे लागले आणि केंब्रिजला त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. १८८५ साली ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा भारतीयांना कमी वेतन देण्याची तेथील प्रथा त्यांना अपमानास्पद वाटली. त्यांनी तीन वर्षे वेतन न घेताच शिकविले. अखेर सरकार नमले आणि संपूर्ण थकबाकीसह पूर्ण वेतन त्यांच्या हाती आले.

कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती. एका चिंचोळ्या खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने, १८९४ पासून त्यांनी उपकरणे घडविली. हर्ट्झ यांच्या प्रयोगांतील लहरी अर्ध्या मीटरहून लांब होत्या. त्या टेबलावरच्या उपकरणांना वळसा घालून जात, त्यामुळे अचूक मोजमाप कठीण होई. बोस यांनी तरंगलांबी थेट ५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली. लहरी सरळ झोतात जाव्यात म्हणून पोकळ नळ्या आणि त्या गोळा करण्यासाठी नरसाळे वापरले. लहरींचे ध्रुवीकरण तपासायला पिळलेला ताग आणि पानापानांत कथलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रकही त्यांना पुरले. कोलकात्याच्या टाऊन हॉलमधील प्रयोगात त्यांच्या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली.

ठरावीक मर्यादेपेक्षा लांब लहर पोकळ नळीतून पुढे जाऊच शकत नाही, हे १८९७ साली रॅले यांनी गणिताने दाखविले. म्हणजे साधी नळीही एक गाळणीच! शिष्याने हाताळलेल्या साधनामागचे शास्त्र गुरूने मांडले.

विज्ञानातून पैसा मिळविणे बोस यांना रुचत नसे. सारा बुल या अमेरिकी स्नेह्यांच्या आग्रहामुळे गॅलेना स्फटिकाच्या ग्राहकासाठी १९०१ साली त्यांच्या नावे अर्ज झाला. १९०४ साली अमेरिकी पेटंट मिळाले, पण त्यांनी त्याचा लाभ उठविला नाही. तोवर त्यांचे मन वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले होते. व्यापारी बिनतारी संदेशवहन लांब लहरींच्या मार्गाने गेले आणि सूक्ष्मलहरी कित्येक दशके मागे पडल्या. १९१७ साली बोस यांनी कोलकात्यात स्वतःची संशोधनसंस्था उभारली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच महायुद्धातील रडारने जगाला सूक्ष्मलहरींकडे परत आणले.

२०१२ साली आंतरराष्ट्रीय विद्युत अभियंत्यांच्या संघटनेने बोस यांच्या या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून गौरविले. भारतात २०२२ साली पाचव्या पिढीच्या मोबाईल सेवेसाठी २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला. बोस यांनी त्या चिंचोळ्या खोलीत निर्माण केलेल्या लहरी साधारण १२ ते ६० गिगाहर्ट्झच्या होत्या. ज्या पट्ट्यांसाठी आज कोट्यवधी रुपये मोजले जातात, तेथे हा प्राध्यापक सव्वाशे वर्षांपूर्वी पोहोचला होता आणि मोबदला न मागता पुढच्या शोधाकडे वळला होता.