गृहसहकाराचे प्रवर्तक : रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी

बेळगाव, कारवार आणि रत्नागिरी हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते, त्या काळात शिकलेल्या तरुणाची वाट ठरलेली असे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबई गाठायची आणि कुणा नातलगाच्या बिऱ्हाडात वळकटी टाकायची. जांबोटी-खानापूरच्या घाटमाथ्यावरून गेलेला कामगार असो की कारवारकडचा पदवीधर, मुंबईत दोघांनाही पहिला प्रश्न पडे तो जागेचा. नोकरी मिळे, पण राहण्यास खोली मिळत नसे. आणि मिळालीच तर पगाराचा मोठा हिस्सा घरमालकाच्या हाती जाई. या प्रश्नाचे एक सुसंगत उत्तर ज्यांनी प्रत्यक्ष उभे करून दाखवले, त्यांत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे नाव अग्रभागी आहे.

मुंबई हे बेट. तीन बाजूंनी पाणी, त्यामुळे जमीन मोजकी आणि माणसांचा लोंढा मात्र अखंड. १८९६ साली प्लेगने शहराला विळखा घातला, तेव्हा दाट वस्तीतील अंधाऱ्या, कोंदट खोल्यांची दुरवस्था सरकारच्या ध्यानी आली. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, गावदेवीसारख्या भागात नवे भूखंड आखले. शहर देखणे झाले खरे. परंतु रस्ता रुंद झाला की शेजारच्या जमिनीचा भाव चढे आणि ज्यांची घरे पाडली गेली त्यांना नव्या इमारतींतील भाडे परवडत नसे. सुधारणा एकाची आणि विस्थापन दुसऱ्याचे, असा हा व्यवहार होता.

तालमकी चित्रापूर सारस्वत समाजातले. या समाजाचे मूळ उत्तर कानडा जिल्ह्यात. १८६२ साली तो जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि तेथील सुशिक्षितांचा ओढा मुंबईकडे वळला. समाज लहान आणि शिक्षणात पुढे असला तरी बहुतेक जण पगारावर जगणारे होते. आजारपण, मुलीचे लग्न वा शिक्षणाचा खर्च आला की सावकाराचे दार ठोठवावे लागे. श्यामराव विठ्ठल कैकिणी हे या समाजाच्या उन्नतीसाठी झटणारे गृहस्थ. तालमकी त्यांना गुरुस्थानी मानीत. त्यांच्या स्मरणार्थ तालमकींनी २७ डिसेंबर १९०६ रोजी श्यामराव विठ्ठल सहकारी पतपेढी सुरू केली. त्यापूर्वी एकच वर्ष, १९०५ मध्ये, त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था निघाली होती. सहकाराचे बी इलाख्याच्या याच दक्षिण भागात आधी रुजले, हे या भागातील वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पतपेढीने कर्जाचा प्रश्न हलका केला, तरी घराचा प्रश्न तसाच राहिला. त्यात कायद्याचीही अडचण होती. १९०४ च्या कायद्याने केवळ पतपुरवठ्याच्या सहकारी संस्थांना मान्यता दिली होती. १९१२ च्या कायद्याने इतर उद्देशांच्या संस्थांनाही दार उघडले. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या ईलिंग येथे १९०१ पासून भाडेकरूंच्या सहभागीदारीचा प्रयोग चालू होता. त्याची रीत अशी : सभासदांनी भाग घेऊन भांडवल उभारायचे, उरलेली रक्कम कर्जाऊ घ्यायची, जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची राहील असे पाहायचे. सभासद त्या इमारतीत भाडेकरू म्हणून राहतो, पण संस्थेचा भागीदार म्हणून तोच मालकही असतो. भाडे नफ्यासाठी नव्हे, तर कर्जफेड, कर आणि दुरुस्ती भागावी एवढ्यापुरते. जमिनीचा भाव चढला तरी तो लाभ एका व्यक्तीच्या खिशात जात नाही.

या तत्त्वावर १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातील सहकारी गृहनिर्माणाचा प्रारंभ या संस्थेपासून मानला जातो. ट्रस्टने आखलेले भूखंड संस्थेने भाडेपट्ट्याने घेतले. ज्या सुधारणेने मध्यमवर्गाला शहराबाहेर ढकलले असते, त्याच सुधारणेच्या जमिनीवर, शहराच्या ऐन मध्यभागी, पगारदारांनी एकत्र येऊन आपली घरे बांधली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईतील भाडी कडाडली आणि १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रण आणावे लागले, तेव्हा या प्रयोगाचे महत्त्व अधिकच पटले. त्याच वर्षी साष्टीतील कॅथलिकांची गृहनिर्माण संस्थाही उभी राहिली.

तालमकी स्वतःच्या समाजापुरते थांबले नाहीत. गृहसहकाराच्या प्रचाराचे काम त्यांनी नेटाने केले आणि देशविदेशांतील सहकारावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. सारस्वत घराण्यांच्या वंशावळीही त्यांनी चिकाटीने संकलित केल्या. हिशेबाची वही आणि कुळाची वही या दोहोंत त्यांना सारखाच रस होता. माणसे एकमेकांना ओळखतात म्हणूनच एकमेकांवर विश्वास टाकतात, हे त्यांनी जाणले होते.

या कार्याची मर्यादाही याच ठिकाणी आहे. परस्परांची ओळख हा ज्याचा पाया, त्या संस्थेचे दार अनोळख्यासाठी सहज उघडत नाही. एकाच समाजाच्या गृहनिर्माण संस्था असाव्यात की नाहीत हा वाद पुढेही चालला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात सभासदत्वाचे असे बंधन वैध ठरवले. दुसरे असे की, भाग घेण्याइतकी शिल्लक ज्याच्या गाठीशी नाही त्या गिरणीकामगाराला सहकाराचा उपयोग नव्हता. त्याच्यासाठी सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. एकेका चाळीत ८० खोल्या होत्या. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सुमारे साडेसोळा हजारांवर थांबला.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला, १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. सहकारी गृहनिर्माण संस्था गल्लोगल्ली दिसू लागल्या. मात्र अनेक ठिकाणी सहकार नावापुरता उरला. बांधकाम व्यावसायिकाने इमारत बांधायची, सदनिका विकायच्या आणि देखभालीसाठी मागाहून संस्था नोंदवायची, असा परिपाठ पडला. सदनिका बाजारभावाने विकली जाऊ लागताच चढत्या भावाचा लाभ पुन्हा व्यक्तीकडे गेला. दक्षिण मुंबईत पगारदाराला आज घर घेता येत नाही, याचे एक कारण या बदलात आहे. घर एकत्र बांधावे, हा तालमकींच्या विचाराचा अर्धा भाग लोकांनी उचलला. त्यावर नफा कमावू नये, हा उरलेला अर्धा मागे पडला.

ताडदेव येथील तालमकीवाडी त्यांचे नाव सांगत उभी आहे. ज्या वस्तूचा सर्वांनी उपयोग करावा, सर्वांनी ती सांभाळावी आणि एकट्याने कुणी विकू नये, तिची किंमत बाजारात ठरत नाही. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयाच्या सभासदांना हा विचार समजावून सांगावा लागत नाही. पुस्तकांच्या बाबतीत त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. तालमकींनी तो घराच्या बाबतीत पाळून दाखवला.