भोपाळच्या सरकार अम्माँ : नवाब सुलतान जहाँ बेगम



थोरामोठ्यांची चरित्रे सांगताना आपल्याकडे शिवराय, अहिल्यादेवी, जोतीराव-सावित्रीबाई, लोकमान्य ही नावे ओघाने येतात, आणि ती यायलाच हवीत. पण ज्या गावाचे पाणी आपण पितो, त्या गावाच्या माणसांची ओळखही आपल्याला असायला हवी. भोपाळ आणि मराठे यांचा संबंध आपण पुस्तकांत बहुधा लढायांच्या रूपाने वाचतो. 1737 साली थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळपाशी कोंडले. पुढे 1812-13 मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजांनी या शहराला वेढा घातला. त्याच शहरात आज आपली मराठी कुटुंबे तीन-तीन, चार-चार पिढ्या सुखाने नांदत आहेत. म्हणून या वेळी आम्ही भोपाळच्याच एका थोर स्त्रीचे चरित्र देत आहोत. त्यांना प्रजा सरकार अम्माँ म्हणत असे.

भोपाळच्या गादीवर 1819 पासून 1926 पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, ओळीने चार स्त्रियांनी राज्य केले. कुदसिया बेगम, त्यांची कन्या सिकंदर बेगम, सिकंदर बेगमांची कन्या शाहजहाँ बेगम आणि शाहजहाँ बेगमांची कन्या सुलतान जहाँ बेगम. आई-मुलगी-नात-पणती अशी ही परंपरा हिंदुस्थानच्या इतिहासात दुसरीकडे सापडणे कठीण आहे.

सुलतान जहाँ बेगमांचा जन्म 9 जुलै 1858 रोजी झाला. त्यांचे बालपण आजी सिकंदर बेगम यांच्या देखरेखीखाली गेले. आजी मोठी करारी. अभ्यास, घोडेस्वारी, हिशेब, राज्यकारभार यांचे धडे नातीला लहानपणापासून मिळाले. 1868 साली आजी वारल्या, आई गादीवर आल्या आणि दहा वर्षांची सुलतान जहाँ वारस ठरली. पुढे आईने दुसरा विवाह केला आणि मायलेकींत वितुष्ट आले. ते इतके वाढले की एकाच शहरात राहून वर्षानुवर्षे दोघींची भेट होत नसे. मधल्या काळात सुलतान जहाँ यांच्या दोन्ही मुली लहान वयातच गेल्या, तरी दुरावा मिटला नाही. 1901 च्या जूनमध्ये शाहजहाँ बेगमांचे निधन झाले तेव्हाही तो तसाच होता. बेगमसाहेबा गादीवर आल्या आणि काही महिन्यांतच त्यांचे पती अहमद अली खान हेही निवर्तले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, घरातला आधार गेलेला असताना, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

राज्याची स्थितीही घराइतकीच खडतर होती. 1899-1900 च्या दुष्काळाने खेडी ओस पडली होती. 1891 च्या खानेसुमारीत संस्थानची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती, ती 1901 मध्ये 6 लाख 66 हजारांवर आली. खजिना जवळजवळ रिकामा होता. बेगमसाहेबांनी पहिल्यांदा जिल्ह्यांचे दौरे काढले, शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली आणि मग कारभाराची घडी बसवायला सुरुवात केली.

आता भोपाळ शहराकडे वळू. 1901 मध्ये शहराची वस्ती सुमारे 77 हजार होती. जुन्या भोपाळभोवती तट होता आणि तटाला दरवाजे होते. जुमेराती, इतवारा, बुधवारा ही वारांची नावे आजही आपल्या तोंडी आहेत. तटाच्या आतले ते शहर-ए-खास. बाहेर जहांगीराबाद, शाहजहानाबाद अशा वस्त्या वाढल्या. आतले आणि बाहेरचे हा एक भेद. हिंदू आणि मुसलमान हा दुसरा. राज्यकर्ते मुसलमान, तर संस्थानच्या खेड्यापाड्यांतली बहुसंख्य प्रजा हिंदू. दरबाराची भाषा उर्दू, तर अनेकांच्या घरची हिंदी किंवा मालवी. आणि या सगळ्यांवर पडदा. पडद्यामुळे निम्मे शहर, म्हणजे स्त्रिया, कोणत्याही सार्वजनिक जागी येऊ शकत नव्हते. अशा शहरात सर्वांच्या उपयोगाची सोय करायची, तर ती कोणी करायची आणि तिचा खर्च कोणी सोसायचा?

याचे जुने उत्तर होते दानधर्म. त्याचा सुंदर दाखला म्हणजे पणजी कुदसिया बेगम यांनी केलेली नळयोजना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बड्या तलावाचे पाणी यंत्राने वर चढवून शहरात खेळवले. आपल्या खाजगी उत्पन्नातून त्याचा खर्च केला आणि लोकांकडून पाण्याचे पैसे घेऊ नयेत अशी व्यवस्था लावून दिली. नळाला मोहल्ला कळत नाही. तो फिरवला की जो समोर उभा आहे त्याच्या घागरीत पाणी पडते. पण दानाची एक मर्यादा असते. दाता उदार असेल तोवर ते चालते. शहर वाढले, नळ जुने झाले, गटारे तुंबली, तर पुढच्या पिढीने कोणाच्या दारात जायचे? दान घेणाऱ्याला उपकार मानता येतात, जाब विचारता येत नाही.

बेगमसाहेबांच्या कारकिर्दीचे मोठेपण आम्हाला इथे दिसते. 1907 साली भोपाळ शहरासाठी मजलिस-ए-इंतेजामिया या नावाची संस्था स्थापन झाली. आजच्या आपल्या भोपाळ महापालिकेचे मूळ ते हेच. साफसफाई, पाणी यांसारख्या शहराच्या कामांकडे पाहणारी एक कायम मंडळी असावी, दरबारी मर्जीवर सगळे अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार. पुढे त्यांनी संस्थानातल्या नगरपालिकांसाठी निवडणुकाही सुरू केल्या. 1916 मध्ये शहराची पहिली पाहणी झाली. कोठे काय आहे हे कागदावर आल्याशिवाय कोणाला काय हवे आहे हे ठरवता येत नाही, म्हणून ही पाहणी महत्त्वाची.

सार्वजनिक आरोग्य हा त्यांचा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय. साथीचे रोग तट पाहून थांबत नाहीत आणि धर्म विचारून येत नाहीत. देवी आणि प्लेगसारख्या रोगांवर टोचून घेण्याची मोहीम त्यांनी नेटाने चालवली. पाणीपुरवठा आणि स्वच्छता सुधारली. परंपरेने बाळंतपणे करणाऱ्या दाईंना शिक्षण देण्याची व्यवस्था केली. 1909 च्या सुमारास परिचारिकांसाठी शाळा काढली. आईच्या काळात सुरू झालेल्या स्त्रियांच्या रुग्णालयाला त्यांनी बळ दिले. ते पुढे सुलतानिया जनाना रुग्णालय या नावाने ओळखले गेले. भोपाळच्या कितीतरी घरांत आजी, आई आणि नात या तिघींचाही जन्म तिथलाच आहे, आणि त्यांत सर्व जातिधर्मांची घरे आहेत.

पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी 1909 साली लेडीज क्लब काढला. तेथे व्याख्याने होत, आरोग्याचे आणि गृहव्यवस्थेचे शिक्षण दिले जाई आणि मुसलमान व हिंदू घरांतल्या स्त्रिया एका छताखाली बसत. शहरासाठी ग्रंथालय व संग्रहालय उभारले. आपले विद्यार्थी ज्या मौलाना आझाद मध्यवर्ती ग्रंथालयात जातात, ती देखणी इमारत मुळात बेगमसाहेबांनी एडवर्ड संग्रहालयासाठी बांधलेली आहे. 1909 मध्ये पायाभरणी झालेला मिंटो हॉल हाही त्यांच्याच काळातला. तेथे 1956 नंतर चाळीस वर्षे मध्य प्रदेशची विधानसभा भरली. 2021 पासून त्याला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव आहे.

शाळांच्या बाबतीत त्यांनी वेगळी वाट घेतली, आणि तिचा विचार आपण शाळेतल्या माणसांनी जरूर करावा. 1903 साली मुलींसाठी सुलतानिया शाळा निघाली. 1907 मध्ये हिंदू मुलींसाठी बिरजिसिया कन्या पाठशाळा हिंदीतून सुरू झाली. म्हणजे पाणी एक, दवाखाना एक, ग्रंथालय एक, पण मुलींच्या शाळा दोन. हे बरोबर होते का? आमच्यात यावर दोन मते आहेत. एक मत असे, की त्या काळी एकच शाळा काढली असती तर दोन्हीकडच्या आईबापांनी मुली घरीच ठेवल्या असत्या. आधी मुलगी उंबऱ्याबाहेर यायला हवी होती. दुसरे मत असे, की ज्या वयात मैत्री जडते त्या वयातच मुलींना वेगळे बसवले, तर मोठेपणी त्या एकमेकींना ओळखणार कशा? दोन्ही मतांत तथ्य आहे. आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न त्याच वेळी पडला होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहे काढली, कारण एरवी ती मुले शिकलीच नसती. पण त्याच महाराजांनी 1919 मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने येथे शिवाशिव पाळू नये असे हुकूम काढले. वेगळी सोय ही पायरी आहे, मुक्काम नाही, हे त्यांना ठाऊक होते.

प्राथमिक शिक्षणाबाबत तर बेगमसाहेब आणि आपले समाजसुधारक राजे एकाच पंक्तीत बसतात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1917 मध्ये तसे पाऊल टाकले, आणि भोपाळमध्ये 1918 साली बेगमसाहेबांनी. 1920 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती त्याच झाल्या आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिल्या.

आम्ही केवळ स्तुती करावी असे नाही. 1922 मध्ये त्यांनी कार्यकारी व विधिमंडळ स्थापन केले, तरी शेवटचा शब्द दरबाराचाच राहिला. शहराने मागावे आणि राज्यकर्त्याने द्यावे, हे नाते पूर्ण बदलले नव्हते. संस्थानी राज्यात प्रजेच्या मनातल्या सर्व तक्रारी सभागृहात पोहोचत नव्हत्या. पण एकदा निवडून आलेला माणूस टेबलापाशी बसला, की पुढे त्याला उठवणे सोपे नसते. ती खुर्ची मांडण्याचे काम त्यांनी केले.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. 1924 या एकाच वर्षात त्यांचे थोरले दोन्ही मुलगे वारले. वारसाचा वाद इंग्रज सरकारपुढे नेण्यासाठी त्या वृद्धापकाळी विलायतेला गेल्या, आणि 1926 मध्ये धाकटे चिरंजीव हमीदुल्ला खान यांच्या हाती राज्य सोपवून स्वतः बाजूला झाल्या. 1928 मध्ये दिल्लीला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. 12 मे 1930 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर भोपाळ पार बदलले. 1 जून 1949 रोजी संस्थान भारत सरकारच्या कारभाराखाली आले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झाली. तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून कितीतरी मराठी कर्मचारी इथे आले, पाठोपाठ भेलच्या कारखान्यासाठी आणखी कुटुंबे आली. तात्या टोपे नगरात, भेलच्या वसाहतीत आपले संसार उभे राहिले. तट गेला, पण जुने भोपाळ आणि नवे भोपाळ असा नवा भेद आला. 1984 च्या डिसेंबरातल्या वायुकांडाचा सर्वाधिक घाव जुन्या शहराच्या गरीब वस्त्यांवर बसला आणि 1992 च्या डिसेंबरातल्या दंगलीने मने आणखी दुरावली. 1983 पासून महापालिका असलेल्या आपल्या शहराला आता कोलार आणि नर्मदेचेही पाणी मिळते. तरीही बडा तलाव आजही शहराची तहान भागवतोच.

आपल्या मंडळाचे सभागृह, आपला गणेशोत्सव, आपली शाळा ही आपण वर्गणीतून उभी केली, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण शाळेच्या दारापर्यंतचा रस्ता, रस्त्यावरचा दिवा आणि पिंपातले पाणी यांत साऱ्या शहराच्या कराचा वाटा आहे, आपला आणि इतवाऱ्यातल्या दुकानदाराचाही. म्हणून शहराच्या पैशाचे काय होते हे विचारण्याचा हक्क दोघांना सारखाच आहे आणि ते विचारण्याची जबाबदारीही.

विद्यार्थ्यांनी सुटीत आईवडिलांसह सदर मंजिल, गोहर महाल आणि मौलाना आझाद ग्रंथालय अवश्य पाहावे. सदर मंजिलमध्ये अनेक वर्षे महापालिकेचे कार्यालय होते, हे तिथे उभे राहून आठवावे. आणि आपल्या प्रभागाचे नगरसेवक कोण, आपल्या घरी पाणी कोठून येते, हे घरी विचारून वहीत लिहून आणावे. उत्तम टिपणे पुढच्या अंकात छापू.