स्टीफन हिस्लॉप

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर १८१७ – ४ सप्टेंबर १८६३) हे स्कॉटिश मिशनरी, शिक्षणप्रसारक व भूशास्त्रज्ञ होते. नागपूर परिसरातील जीवाश्मांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते.

जीवन

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. एडिंबरा व ग्लासगो येथील विद्यापीठांत शिक्षण घेऊन ते १८४४ च्या अखेरीस मुंबईस आणि १८४५ मध्ये नागपुरास आले. ते मराठी शिकले. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. गोंड व इतर आदिवासी समाजांच्या भाषा आणि चालीरीतींची माहितीही त्यांनी संकलित केली.

भूशास्त्रीय कार्य

हिंगोली जिल्ह्यासह मराठवाड्याचा बहुतेक भाग व्यापणारा दख्खन ट्रॅपचा काळा पाषाण नागपूरजवळ संपतो. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळाचे आंतरट्रॅपी थर तेथे उघडे पडलेले आहेत. नागपूरलगतच्या टाकळी येथील अशा थरांतून हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी फळे, बिया, लाकूड, गोड्या पाण्यातील शंख आणि कीटकांचे अवशेष गोळा केले. त्यांचा संयुक्त निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांगली येथे मिळालेल्या उभयचराच्या कवटीस रिचर्ड ओवेन यांनी ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले.

आंतरट्रॅपी जीवाश्म तृतीय महाकल्पातील आहेत, असे मत हिस्लॉप यांनी १८६० च्या निबंधात मांडले. हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. १९३० च्या दशकात बिरबल साहनी यांनीही वनस्पतींच्या पुराव्यावरून तृतीय महाकल्पाचाच पक्ष घेतला. आधुनिक कालमापनानुसार मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे क्रिटेशस व तृतीय काळांच्या सीमेवरचे ठरतात.

या थरांतील गारगोटीसदृश चर्ट खडकात वनस्पतींच्या पेशींची रचनाही टिकून राहते. त्यामुळे विसाव्या शतकात लाकडाचे पातळ छेद आणि परागकण यांवरून कुले ओळखणे शक्य झाले. नागपूरजवळच्या माहुरझरी येथील जीवाश्म लाकडास ग्रेविऑक्सिलॉन माहुरझरिएन्स असे नाव देण्यात आले. ते धामण व फालसा यांच्या ग्रेविया प्रजातीशी जुळते. पूर्वी परूषक कुलात गणली जाणारी ही प्रजाती आता माल्व्हेसी (भेंडी) कुलात समाविष्ट केली जाते.

मृत्यू व वारसा

सप्टेंबर १८६३ मध्ये हिस्लॉप टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. ४ सप्टेंबरच्या रात्री बोरीकडे घोड्यावरून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ४५ वर्षांचे होते. आदिवासींविषयीचे त्यांचे अपूर्ण राहिलेले लेखन मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय (स्थापना १८८३) आणि हिस्लॉपाइट हे खनिज यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.