जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (५ फेब्रुवारी १८४०, ड्रेगहॉर्न, स्कॉटलंड – २३ ऑक्टोबर १९२१, डब्लिन, आयर्लंड) हे स्कॉटिश पशुवैद्य व संशोधक होते. प्रत्यक्ष वापरात टिकलेला पहिला हवेचा रबरी टायर त्यांनी १८८७–८८ मध्ये बेलफास्ट येथे तयार केला. या कल्पनेचे पहिले पेटंट मात्र रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश संशोधकाने १८४५ मध्येच घेतले होते. ही बाब उघडकीस आल्यावर डनलॉप यांचे पेटंट निरर्थक ठरले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या उद्योगातून त्यांना मोठी संपत्तीही मिळाली नाही. तरीही सायकल व मोटार यांच्या चाकाचे आजचे स्वरूप ज्या घटनाक्रमातून घडले, त्याचा आरंभ त्यांच्या प्रयोगापासून मानला जातो.

## जन्म, शिक्षण आणि व्यवसाय

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथील डिक पशुवैद्यक महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व काही वर्षे स्कॉटलंडमध्येच व्यवसाय केला. १८६७ मध्ये ते आयर्लंडमधील डाउनपॅट्रिक येथे गेले. तेथे भाऊ जेम्स यांच्यासह त्यांनी पशुचिकित्सालय चालवले. पुढे बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. १८८०च्या दशकात त्यांचा व्यवसाय आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक गणला जात होता. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली.

## तत्कालीन चाके

त्या काळी घोडागाड्यांच्या लाकडी चाकांना लोखंडी धाव असे, तर सायकलींच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी बसवलेली असे. दोन्ही प्रकारांत रस्त्यावरील प्रत्येक दगडाचा धक्का वाहनाला व स्वाराला जसाच्या तसा बसे. मोठ्या व्यासाचे चाक लहान खड्डे सहज ओलांडते. त्यामुळे धक्के कमी करण्याचा उपाय म्हणजे चाक मोठे करणे, असाच समज रूढ होता.

सायकलच्या बाबतीत चाक मोठे असण्याला आणखी एक कारण होते. उंच सायकलीचे पायटे थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. पायट्यांच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई, म्हणून वेग वाढवायचा तर चाकाचा घेर वाढवणे भाग पडे. १.३ मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४ मीटर अंतर कापते. मात्र अशा उंच सायकलीवरून तोंडघशी पडण्याची भीती कायम असे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी आणलेल्या रोव्हर सायकलीत मागचे चाक साखळीने फिरवण्याची सोय होती. त्यामुळे वेगासाठी मोठ्या चाकाची गरज उरली नाही. पण चाके लहान झाल्यावर भरीव टायरचे धक्के अधिकच जाणवू लागले. ही अडचण हवेच्या टायरने दूर केली.

## पहिला टायर

डनलॉप यांचा शाळकरी मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवत असे. बेलफास्टच्या दगडी फरसबंदीवर ती फार हादरे. ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी त्यावर उपाय शोधण्यास सुरुवात केली. पशुवैद्यकीय कामामुळे रबर हाताळण्याची त्यांना सवय होती. त्यांनी पातळ रबरी पत्र्याची नळी तयार केली, ती लाकडी चकतीच्या कडेभोवती बसवली, तिच्यावर तागाच्या कापडाचे वेष्टन घालून ते चकतीला खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली.

त्यानंतर त्यांनी ही चकती व तीनचाकीचे भरीव टायरचे चाक आपल्या अंगणात एकामागून एक ढकलून पाहिले. भरीव टायरचे चाक थोड्याच अंतरावर आडवे झाले. हवेचा टायर असलेली चकती मात्र अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आपटली व तेथून उसळून मागे आली. हा टायर केवळ मऊ नाही, तर तो कमी श्रमात पुढे जातो, हे या साध्या चाचणीतून स्पष्ट झाले.

याचे कारण असे की, भरीव चाकाला दगडावरून जाताना वाहनाचे सारे वजन वर उचलावे लागते व त्यात पुढे जाण्याची शक्ती खर्ची पडते. हवेचा टायर दगडापुरताच आत दबतो आणि दगड मागे पडताच पूर्ववत होतो. वाहन फारसे वरखाली होत नाही आणि त्याची गती टिकून राहते. या यशानंतर डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीच्या मागील दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. पुढे मोठ्या सायकलींवरही प्रयोग करण्यात आले. डनलॉप यांनी जुलै १८८८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते मंजूर झाले.

## शर्यतीतील यश

बेलफास्टमधील एडलिन या सायकल बनवणाऱ्या व्यावसायिकाच्या मदतीने या टायरसाठी योग्य अशा सायकली तयार होऊ लागल्या. हवेचा टायर जाड असल्याने तो जुन्या चौकटीत मावत नसे, म्हणून सायकलीचा चिमटा रुंद करावा लागला. जाड टायरची सायकल जड व मंद असणार, अशीच बहुतेकांची समजूत होती आणि तिची थट्टाही होत असे.

बेलफास्टच्या सायकल मंडळाचे कर्णधार विली ह्यूम यांनी अशी सायकल विकत घेतली. ते आघाडीचे शर्यतपटू मानले जात नव्हते. मात्र १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत त्यांनी सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. थोड्याच काळाने लिव्हरपूल येथेही त्यांनी एक वगळता सर्व शर्यतींत विजय मिळवला. आरामासाठी केलेला टायर वेगासाठीही सरस आहे, हे या निकालांनी सिद्ध झाले. त्यानंतर शर्यतपटू स्वतःहून हा टायर मागू लागले आणि काही वर्षांतच भरीव टायर शर्यतींतून हद्दपार झाला.

## कंपनीची स्थापना

ह्यूम यांच्याकडून हरलेल्यांमध्ये आयरिश सायकल संघटनेचे अध्यक्ष हार्वे ड्यू क्रॉस यांचे पुत्र होते. पराभवाचे कारण ध्यानात येताच ड्यू क्रॉस यांनी या टायरच्या व्यापारात लक्ष घातले. १८८९च्या अखेरीस डब्लिन येथे त्यांच्या नेतृत्वाखाली कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीच्या स्वाधीन केले व मोबदल्यात त्यांना कंपनीचे काही भाग मिळाले. १८९२ मध्ये पशुवैद्यकीय व्यवसाय सोडून ते डब्लिनला स्थायिक झाले.

## पेटंटचा प्रश्न

१८९० मध्ये डनलॉप यांना अधिकृतपणे कळवण्यात आले की, त्यांचे पेटंट ग्राह्य धरता येणार नाही. स्टोनहेवन येथे जन्मलेल्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी वयाच्या २३व्या वर्षी, १८४५ मध्ये, ब्रिटनमध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्यानंतर फ्रान्स व अमेरिका येथेही त्यांनी पेटंट मिळवले. थॉमसन यांच्या चाकात रबर चढवलेल्या कापडाची नळी व तिच्यावर चामड्याचे आवरण असे. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना अशी चाके लावून त्यांचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले होते. परंतु त्या काळी सायकल अस्तित्वात नव्हती, मोटारही नव्हती आणि चांगले पातळ रबर महाग व दुर्मीळ होते. गिऱ्हाईक न मिळाल्याने थॉमसन भरीव रबराकडे वळले. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचा शोध विस्मरणात गेला.

डनलॉप यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती, त्यांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग शोधला होता, असे सामान्यतः मानले जाते. आज कल्पनेचे श्रेय थॉमसन यांना आणि ती व्यवहारात आणण्याचे श्रेय डनलॉप यांना दिले जाते.

## निघणारा टायर

मूळ पेटंट गमावलेल्या कंपनीला इतरांच्या शोधांनी तारले. डनलॉप यांच्या पद्धतीत टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झाल्यास तो सोलून काढण्यात पुष्कळ वेळ जाई. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडांमध्ये न ताणणारी तार असलेला टायर व मध्यभागी खोलगट असलेली रिम यांचे पेटंट घेतले. त्याच वर्षी विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी रिमच्या वळलेल्या कडेत अडकणाऱ्या टायरचे पेटंट मिळवले. कंपनीने या दोन्ही पेटंटांचे हक्क विकत घेतले. वेल्च यांच्या योजनेतील तारेची कड आजच्या मोटारींच्या टायरमध्येही आढळते.

फ्रान्समध्ये आंद्रे व एदुआर मिशलँ या बंधूंनी १८९१ मध्ये सायकलसाठी काढता येणारा टायर आणला. १८९५च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत त्यांनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत ती अनेकदा पंक्चर झाली, तरी मोटारीलाही हवेचा टायर चालतो हे दिसून आले.

## उत्तरायुष्य

संचालकांशी मतभेद झाल्याने डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले व त्यांनी आपले बहुतेक भाग विकून टाकले. पुढच्याच वर्षी टेरा हूली या वित्तव्यावसायिकाने ३० लाख पौंडांना कंपनी विकत घेतली आणि ५० लाख पौंडांना ती पुन्हा बाजारात आणली. या व्यवहाराचा लाभ डनलॉप यांना झाला नाही. पुढे डब्लिनमध्ये त्यांचा कापड व्यवसायाशी संबंध राहिला.

कंपनीने मात्र त्यांचे नाव व दाढीधारी चेहरा व्यापारचिन्ह म्हणून वापरणे सुरू ठेवले. जाहिरातींत त्यांचे चित्र उंच टोपी व छडी अशा छानछोकीच्या वेषात दाखवले जाऊ लागले. साधेपणाने राहणाऱ्या डनलॉप यांना हे अपमानास्पद वाटले व त्यांनी कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. आयर्लंडबाहेरील कंपनीवर आयरिश न्यायालयातून समन्स बजावता येईल का, हा या दाव्यातील मुद्दा ब्रिटिश उमरावसभेपर्यंत गेला.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना दफन करण्यात आले. हवेच्या टायरच्या इतिहासावरील त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर कन्येने प्रसिद्ध केले.

## परिणाम आणि वारसा

हवेच्या टायरमुळे सायकलची मागणी प्रचंड वाढली आणि तिच्याबरोबर रबराचीही. त्या काळी बरेचसे रबर जंगलातून गोळा केले जाई. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोमध्ये रबरासाठी स्थानिक लोकांवर भीषण अत्याचार झाले. पुढे आग्नेय आशियातील लागवडीचे रबर बाजारात आल्यावर जंगली रबराचे महत्त्व ओसरले.

मोटारीचा टायर निवडताना आजही आराम व वेग यांचा मेळ घालावा लागतो. टायरवरील २०५/५५ आर १६ या खुणेत २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ हे बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. मोटारीला त्याऐवजी २२५/४५ आर १७ टायर लावल्यास चाकाचा एकूण व्यास सुमारे ६३२ वरून ६३४ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे वेगमापकात फारसा फरक पडत नाही. टायरच्या बाजूची उंची मात्र ११३ वरून १०१ मिलिमीटरपर्यंत उतरते. बाजू आखूड झाल्याने वळणावर टायर कमी लवतो व सुकाणूला गाडी चटकन प्रतिसाद देते. परंतु धक्के झेलणारी हवेची उशी तेवढीच पातळ होते आणि खड्ड्यांत रिम वाकण्याची शक्यता वाढते. म्हणून वेगवान सेडान मोटारीसाठीही रिम किती मोठी घ्यावी, हे रस्त्याच्या स्थितीवर अवलंबून असते.

भारतात पश्चिम बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये डनलॉप कंपनीचा टायर कारखाना सुरू झाला. साध्या सायकलींच्या ट्यूबला बसवली जाणारी वूड्स झडप अनेक देशांत डनलॉप व्हॉल्व्ह या नावाने ओळखली जाते. नॉर्दर्न बँकेच्या १० पौंडांच्या नोटेवर डनलॉप यांचे चित्र छापण्यात आले आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांच्या आरंभीच्या टायरांपैकी एक एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन करण्यात आला आहे.